दोनशे ग्रॅमची कबुली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, याच घराच्या पुढच्या खोलीत बेचाळीस वर्षं दुकान चालवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. तेवढ्यानेही समाधान होत नसेल तर माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून खात्री करून घ्यावी, मात्र मी जिवंत आहे तोवर. मला कुणी धाक घातलेला नाही, गोड बोलून गुंडाळलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र माझ्या पत्नीच्या नावे होतं. ती आठ वर्षांपूर्वी गेली. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

वकिलांनी मला मसुदा करून दिला होता. त्यात ‘सदरहू’ सतरा वेळा होतं आणि माणूस एकही नव्हता. म्हणून तो बाजूला ठेवून मी माझ्या भाषेत लिहायला बसलो. कायद्याचं काही चुकलं असेल तर वकिलांनी सुधारावं, पण माणसं खोडू नयेत.

कलम १. मिळकत. हे घर माझ्या कष्टाचं आहे, वाडवडिलांकडून आलेलं नाही, त्यामुळे ते कुणाला द्यावं हे ठरवायचा हक्क माझा एकट्याचा आहे. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यामागे सामानाची खोली, वर राहत्या तीन खोल्या. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. ती सध्या शिकायला बाहेरगावी असते आणि फोनवर मला ‘आजोबा, औषध घेतलं का’ याखेरीज काही विचारत नाही.

कलम २. धाकटा भाऊ. याने तेवीस वर्षांपूर्वी माझी लाकडी शिडी ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेली. ती शिडी मी याद्वारे त्यालाच देऊन टाकतो, म्हणजे निदान कागदोपत्री तरी तो चोर राहणार नाही. याउपर त्याला काही नाही.

कलम ३. चिरंजीव. माझा मुलगा स्वभावाने चांगला आहे, फक्त घाई फार. त्याला दुकानातला मोठा पितळी तराजू आणि वजनांची पेटी. वजनं हाताने उचलू नयेत, चिमट्याने उचलावीत, हे त्याला लहानपणापासून सांगून माझी जीभ झिजली. दुकानाच्या जागेत मोबाइलवाला भाडेकरू ठेवावा असं त्याच्या मनात आहे. ते होणार नाही. का होणार नाही ते पुढे लिहिलं आहे. त्याने ते बसून वाचावं, उभ्या उभ्या नाही.

कलम ४. वरच्या तिन्ही खोल्या माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे. मुलाच्या नाही, दोघांच्या मिळून नाही, तिच्या. मुलाला राग आला तर येऊ दे. या घरात तिला बाहेरची म्हणून वागवलं गेलं होतं, आणि वागवणारा मी होतो.

कलम ५. दुकान आणि सामानाची खोली. हे कलम लांबणार आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी, माझी नात दीड महिन्याची असताना, झोळीताई आपला काटा घेऊन दुकानात आली. नव्या बाळांच्या घरी जायचं, त्यांचं वजन करायचं, आईची विचारपूस करायची, हे तिचं काम. खांद्यावर कापडी झोळी, हातात टांगायचा काटा, म्हणून अख्खी वस्ती तिला झोळीताई म्हणते. बाळाला झोळीत घालायचं, झोळी काट्याला अडकवायची, काटा दाखवेल त्यातून झोळीचे दोनशे ग्रॅम मनातल्या मनात वजा करायचे आणि उरेल ते वहीत लिहायचं, अशी तिची रीत.

काटा जाम झाला होता. मी तो साफ केला, स्प्रिंग बदलली, आणि मग मला नको ते शहाणपण सुचलं. म्हटलं, ही बाई दिवसाला दहा-बारा वजाबाक्या करते, कशाला? मी रिकामी झोळी अडकवूनच सुई शून्यावर आणली. म्हणजे झोळीचं वजन आता काटाच वजा करणार. केवढा उपकार! फक्त तो केल्याचं तिला सांगायचं राहून गेलं. दुसरं गिऱ्हाईक आलं, बोलणं तिथेच तुटलं. झोळी काढली की सुई आणखी मागे जायला हवी, पण शून्याशी एक खिळा असतो, त्याला टेकून ती थांबते. त्यामुळे रिकामा काटा बघून तिला कळायला मार्गच नव्हता. दोनशे ग्रॅम एकदा काटा वजा करत होता, एकदा ती.

त्याच आठवड्यात तिने माझ्या नातीचं वजन केलं. मागच्या आठवड्याइतकंच भरलं. दीड महिन्याचं बाळ, आणि आठ दिवसांत काहीच वाढ नाही! मी तिथेच उभा होतो. सून म्हणाली, ‘‘बाबा, पिते हो ती चांगली. पोट भरून झोपते.’’ मी म्हणालो, ‘‘काटा खोटं बोलत नाही. मी दुरुस्त केलाय तो.’’ आणि मग शेजारच्या दोन बायकांसमोर मी तिला म्हणालो, ‘‘उपाशी मारतेस की काय माझ्या नातीला?’’

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. बावीस वर्षांची पोर होती ती. त्यानंतर तिचं जेवण तुटलं, झोप तुटली आणि मग दूधही आटलं. आधी नसलेली गोष्ट मी माझ्या तोंडाने खरी करून दाखवली. घरात बाटली आली आणि सून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

त्या वजनानंतर अकराव्या दिवशी झोळीताई दुकानात आली. काटा टेबलावर ठेवून म्हणाली, ‘‘भाऊ, वस्तीतली सव्वीसच्या सव्वीस पोरं एकाच आठवड्यात सारखीच कशी काय वाळली? हाताला पोर भरलेलं लागतंय, काटा नाही म्हणतोय. मी पहिल्याच दिवशी हाताचं ऐकायला हवं होतं. पण काटा तुम्ही दुरुस्त केलेला, म्हणून मी माझ्या हातांना गप्प बसवलं.’’

मला राग आला. इतक्या वर्षांत माझ्या दुरुस्तीवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. म्हटलं, दाखवतोच हिला. मी कापडी पिशव्यांत वेगवेगळी वजनं भरली, तोंडं बांधली आणि एकेक तिच्या हातात दिली. तिने पिशवी लहान पोराला घेतात तशी दोन्ही तळव्यांवर घेतली, डोळे मिटले आणि आकडा सांगितला. तीन किलो दोनशे. चार किलो साठ. दोन किलो नऊशे, ‘‘याला जपावं लागेल’’ असंही म्हणाली. दहा पिशव्या झाल्या. एकाही पिशवीत तीस ग्रॅमच्या वर फरक आला नाही. मी आयुष्यभर तराजूंच्या संगतीत राहिलेला माणूस. सरकारी शिक्क्याची वजनं माझ्या पेटीत मखमलीवर ठेवलेली असतात. त्या दिवशी मी त्या बाईच्या मनगटांकडे बघत राहिलो. साधी मनगटं, काचेच्या दोन बांगड्या, एका बोटाला चिंधी बांधलेली. मग मी खाली बसलो, काटा उघडला आणि मला माझा उपकार आठवला.

मी म्हणालो, ‘‘वर जाऊन सुनेला सांगतो.’’

ती म्हणाली, ‘‘थांबा. आज नको. बाळंतिणीने घरातल्या माणसावर राग धरला तर समोरचं अन्न तिच्या घशाखाली उतरत नाही. तुमच्यासमोर तिला रोज जेवायला बसायचंय. माझ्यावर धरू दे. मी काय, दाराबाहेरची.’’

आणि ती वर गेली. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. ‘‘चूक माझी गं. मीच दोनदा वजा केलं. तुझं बाळ चांगलं आहे, तुझं दूध चांगलं होतं.’’ सुनेने तिला काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाली, ‘‘परत माझ्या दारात पाय ठेवू नका.’’ झोळीताई जिना उतरून आली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि उरलेल्या पंचवीस घरी हेच सांगायला गेली. वरच्या ऑफिसातून तिला लेखी ताकीद मिळाली. तिने त्यावर सही केली.

ती म्हणाली होती ‘आज नको’. मी त्याचं ‘कधीच नको’ करून टाकलं. पत्नीला मी सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘‘दूध परत आलं की सांगून मोकळे व्हा.’’ दूध आलं, नात रांगली, चालली, शाळेत गेली. मी म्हणत राहिलो, उद्या. सूनबाई आजही झोळीताई रस्त्यात दिसली की तोंड फिरवते. आणि मी रोज तिच्या हातचं जेवतो.

झोळीताईने माझ्याकडून एकच भरपाई घेतली. म्हणाली, ‘‘एक दिवस माझ्यासोबत चला. काटा तुम्ही उचला.’’ मी गेलो. अकरा घरं, सतरा जिने. मला वाटलं होतं ती बाळं बघायला जाते. प्रत्येक घरात ती बाळाच्या आधी आईशेजारी जाऊन बसायची आणि विचारायची, ‘‘जेवलीस का?’’ मी विचारलं हे काय, तर म्हणाली, ‘‘बाळाला बघायला सगळेच येतात, भाऊ. आईला बघायला मी येते.’’ एका घरात बाप आपल्याच पोराला हात लावायला घाबरत होता, लांब उभा. तिने त्याला शिकवलं वगैरे काही नाही. पोर त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, ‘‘जरा धरा हो, मी पेन शोधते.’’ पेन तिच्या कानावरच होतं. पाच मिनिटं शोधलं. तोवर पोर बापाच्या छातीशी झोपलं होतं. मी देवळात फारसा जाणारा माणूस नाही, पण त्या दिवशी घरी येऊन मी पाय धुतले आणि मगच काट्यांना हात लावला.

पुढे मी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी झोळीताईच्याच संस्थेच्या पाळणाघरात काटे तपासायला जाऊ लागलो, तिथे मला मोठी मावशी भेटली. हिचा आवाज फाटका, चाल जड, आणि तीस पोरं तिच्या भोवती. दुपारी त्यांना झोपवताना तिला कुणाचा कान चोळायचा, कुणाच्या पायावर हात ठेवायचा, आणि कुणाकडे अजिबात बघायचं नाही, हे सगळं पाठ. पण मी हात टेकले ते संध्याकाळी. ज्या पोराला न्यायला उशीर होतो, सगळे गेल्यावर जे एकटं उरतं, त्याच्या हातात ती किल्ल्यांचा जुडगा देते. ‘‘आज तू किल्लीदार. तुझ्याशिवाय कुलूप लागायचं नाही.’’ त्या पोराला आपण मागे राहिलोय असं वाटतच नाही. मी एकदा माझ्या कानांनी ऐकलं, एक चिमुरडी आईला सांगत होती, ‘‘उद्या उशिरा ये गं, मला किल्लीदार व्हायचंय.’’ त्या आईने मावशीकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला विसरता येत नाही.

म्हणून माझ्या दुकानातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या, ज्यांची कुलपं कधीच मोडली, त्या मोठ्या मावशीला. दोन डब्यांत आहेत. तिच्या जुडग्यात आणखी भर पडू दे.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईला माझ्या तिन्ही चांगल्या कात्र्या. झोळ्या तीच शिवते, फुकट शिवते, आणि नवं कापड देऊ केलं तर फेकून देते. तिला धुऊन धुऊन मऊ झालेलंच कापड लागतं. प्रत्येक झोळीत आतल्या बाजूला ती रंगीत दोऱ्याचा एक पक्षी काढते. मी म्हटलं, आत कुणाला दिसणार? ती म्हणाली, ‘‘ज्याला दिसायला हवा तो आतच असतो.’’ मला या वस्तीत राहून इतकी वर्षं झाली, आणि माझ्या आसपास कोण माणसं राहतात हे मला साठीच्या घरात कळलं.

आता दुकानाचं. घरोघरी जाण्याखेरीज झोळीताई ठरल्या दिवशी आजवर एका इमारतीच्या जिन्याखाली बसून बाळांची वजनं करायची. ती इमारत पाडायला काढली आहे, या महिन्याअखेर त्या जिन्याला कुलूप लागेल. मी झोळीताईला बोलावून सांगितलं, माझ्यामागे दुकान आणि सामानाची खोली पाळणाघराच्या संस्थेला, बाळांच्या वजनासाठी आणि आयांना टेकण्यासाठी. आणि मी असेपर्यंत उद्यापासूनच वापरा. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘भाऊ, ज्या घरातली सून मला बघून दार लावते, त्या घराच्या पायरीवर मी लेकुरवाळ्या बायकांना कशी बोलावू? तिची हरकत नसेल तर येईन. नाहीतर झाडाखाली बसेन.’’ म्हणजे सव्वीस घरांच्या शिव्या खाल्लेली बाई माझ्या सुनेच्या मनाविरुद्ध एक खोली घ्यायला तयार नाही.

म्हणून मी ठरवलं होतं की खरं काय ते या कलमात लिहावं आणि माझ्यामागे सुनेने वाचावं. इथवर लिहून मी कागद माझा मित्र चष्मेवाला याला साक्षीसाठी दाखवला. त्याने चष्मा कपाळावर नेऊन वाचला. (स्वतःचा नंबर त्याने कधी नीट काढला नाही.) मग म्हणाला, ‘‘छान लिहिलंयस. पण तू मेल्यावर ती भांडणार कोणाशी? तुझ्यावरचा राग एकदा त्या बाईने झेलला. आता तू मरून चुकवणार. यावर मी सही करत नाही, जा.’’

मला त्याचा संताप आला. घरी येईपर्यंत तो उतरला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता.

कलम ६. हे आज लिहिलं. सकाळी मुलगा कामावर गेल्यावर मी सुनेला दुकानात बोलावलं आणि कलम चार व पाच मोठ्याने वाचून दाखवली. ती उभीच होती. वाचून झाल्यावर कागद उचलून तिने स्वतः एकदा वाचला. मग म्हणाली, ‘‘एकोणीस वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात.’’

मी म्हणालो, ‘‘हो.’’

‘‘वाढ म्हणायचात, वाढत होते. एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही?’’

मी म्हणालो, ‘‘धीर झाला नाही पोरी. चुकलो.’’

‘‘आईंना माहीत होतं?’’

‘‘होतं.’’

ती गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली. वरच्या खोल्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. तोंडावर पदर घेऊन रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळेना, म्हणून ठेवला नाही. मग तोंड पुसून म्हणाली, ‘‘त्यांचं घर कुठे आहे?’’

वस्तीतल्या प्रत्येक घराचा जिना जिला माहीत, तिचं घर कुठे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शिंपीणबाईला विचारलं, तिलाही नक्की सांगता येईना. मोठ्या मावशीने सांगितलं. लाँड्रीच्या मागे, तिसरा मजला, शेवटचं दार. म्हणाली, ‘‘तिच्याकडे आजवर कुणी गेलंय असं ऐकलं नाही बाई. तीच जाते सगळ्यांकडे.’’

सून पुढे, मी मागे. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला धाप लागली, ती थांबली नाही. दार झोळीताईने उघडलं. वाळत घालायला हातात धुतलेली झोळी होती. सुनेला बघून ती एक पाऊल मागे सरली. सून म्हणाली, ‘‘ताई, मला आज कळलं.’’

झोळीताईने तिला काही बोलूच दिलं नाही. तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, ‘‘दूध आलं होतं ना गं परत? मला कुणाला विचारताच आलं नाही.’’

सून म्हणाली, ‘‘आलं होतं ताई. दीड वर्ष पाजलं.’’

झोळीताई म्हणाली, ‘‘बरं झालं बाई,’’ आणि दारातच खाली बसली.

या कलमान्वये दुकान आणि सामानाची खोली पाळणाघराच्या संस्थेला दिली आहे. सुनेची हरकत नाही. तिने एवढंच सांगितलं की दुकानाची पायरी उंच आहे, बाळ घेऊन चढायला त्रास होईल, ती आधी फोडून घ्या. गवंडी सोमवारी येतो आहे. मला तिने माफ केलं की नाही ते तिने सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. आज दुपारी तिने मला वाढलं, पण समोर बसली नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, स्वतः वाचला, सुनेलाही वाचून दाखवला. तो खरा आहे.

सही: वजनकाटेवाला (डावीकडे अंगठाही दिला आहे, कारण सही थरथरली)

साक्षीदार पहिला: चष्मेवाला. मजकूर पुन्हा वाचला, आता सही करतो.

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई. सही करताना हे गृहस्थ शुद्धीवर होते आणि रडत होते. दोन्ही मी पाहिलं.

(मोठी मावशी ‘मलाही साक्षीदार करा’ म्हणून हटून बसली होती. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये असं वकील सांगतात. ती रागावून गेली आहे.)

ठिकाण: दुकानाची खोली, टेबलाशी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार, दुपारी चार